जेंबेचा सूत्रधार

जेंबे नावाचा आफ्रिकी ढोल आता आपल्याकडच्या शहरांतही वाद्यांच्या दुकानात दिसतो. उभ्या पेल्यासारखा लाकडी आकार, वर बकऱ्याचे कातडे आणि ते ताणून धरणारी दोरीची जाळी. टिपरू लागत नाही, नुसत्या हातांनी वाजतो. युरोप-अमेरिकेत तर हा ढोल मुलांच्या कार्यक्रमांचा राजाच झाला आहे. सुटीच्या दिवशी एखाद्या सभागृहात आईबाप, मुले, आजीआजोबा जमतात. पश्चिम आफ्रिकेतला एखादा कलावंत गोष्ट सांगू लागतो, गोष्टीत गाणे येते, गाण्यात ढोल येतो आणि शेवटी आजीबाईंनाही उठून चार पावले टाकावी लागतात. मुलांना वाटते, हे सारे असेच हजार वर्षे चालत आले आहे.

ढोल जुना आहे, गोष्टी जुन्या आहेत, नाचही जुने आहेत. पण तिकीट काढून खुर्चीवर बसलेल्या परक्या माणसाला दोन तासांत कळेल, रुचेल अशा रीतीने गोष्ट, गाणे आणि नाच एका माळेत ओवण्याची कला मात्र पाऊणशे वर्षांपलीकडची नाही. तिचे बरेचसे श्रेय एका माणसाकडे जाते. त्याचे नाव केयता फोदेबा. केयता हे घराण्याचे नाव, फोदेबा हे त्याचे स्वतःचे. हा माणूस शाळामास्तर होता, कवी होता, नाट्यसंस्थेचा चालक होता. पुढे तो आपल्या देशाचा गृहमंत्री आणि संरक्षणमंत्री झाला. आणि १९६९ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याच्याच कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या तुरुंगातून बाहेर काढून त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

त्याचा देश गिनी. हे नाव आपल्या घरांना अपरिचित नाही. आजीच्या डब्यात पुतळ्यांबरोबर एखादी गिनी असायची, ती इंग्रजी सोन्याची नाणी. सतराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या सोन्याची ती पाडली गेली म्हणून त्यांना त्या किनाऱ्याचे नाव मिळाले. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला आधी नाणे ठाऊक होते, देश फार उशिरा कळला. फोदेबाचा जन्म १९२१ साली त्या देशाच्या वरच्या अंगाला, नायजर नदीकाठच्या सिगिरी गावी झाला. तो मुलूखही सोन्यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध. तेव्हा तिथे फ्रेंचांचे राज्य होते.

तिथल्या मालिंके समाजात केयता हे राजघराणे. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभारणारा सुंदियाता हा केयता. त्या साम्राज्याचा इतिहास मुख्यतः जेली लोकांच्या मुखात आहे. जेली म्हणजे साधारण आपले भाट. पण कामे त्याहून पुष्कळ जास्त: वंशावळी पाठ ठेवायच्या, पराक्रम गायचे, लग्ने जमवायची, भांडणे मिटवायची आणि वेळप्रसंगी राजालाही चार गोष्टी सुनवायच्या. एकवीस तारांचा कोरा आणि लाकडी पट्ट्यांचा बालाफोन ही त्यांची वाद्ये. जेलीचा मुलगा जेली. राजकुळातल्या माणसाने ऐकायचे, बिदागी द्यायची. स्वतः उठून गायचे नाही. हा नियम किती कडक, ते आपल्याला फोड करून सांगावे लागत नाही. माली देशातला विख्यात गायक सलिफ केयता हा फोदेबानंतर जवळजवळ तीस वर्षांनी जन्मला, तरी गाणे धरले म्हणून त्याला घरच्यांचा रोष सोसावा लागला. जेंबे मात्र असा कुणा एका जातीचा नव्हे. ज्याच्या हातात ताकद आणि ताल, त्याने वाजवावा.

असा राजकुळातला मुलगा रंगभूमीकडे वळला तो शाळेमुळे. सेनेगलमध्ये फ्रेंच सरकारची विल्यम पाँती नावाची मोठी शाळा होती. साऱ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतून निवडून आणलेली हुशार मुले तिथे शिक्षक नि कारकून होऊन बाहेर पडत. साहेबाला कारकून हवे होते, पण शाळेतल्या काही शिक्षकांना एक नवी गोष्ट सुचली. सुटीत घरी जाल तेव्हा आपापल्या गावच्या कथा, गाणी, चालीरीती टिपून आणा आणि त्यांची नाटके बसवा, असे त्यांनी मुलांना सांगितले. ती नाटके इतकी गाजली की १९३७ साली पाँतीची मुले पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात प्रयोग करून आली. फोदेबा या शाळेत शिकला, मग सेनेगलमध्येच मास्तरकी करू लागला आणि १९४८ साली कायदा शिकण्यासाठी पॅरिसला गेला. कायद्याची पुस्तके बाजूला पडली असावीत. कारण दोन-चार वर्षांतच तो, गिटारवादक कांते फासेली आणि पॅरिसमध्ये शिकायला किंवा पोटासाठी आलेले आफ्रिकी तरुण मिळून एक मंडळी उभी राहिली. तिचेच पुढे नाव झाले ले बाले आफ्रिकँ.

या मंडळीने काय केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. सिगिरीच्या दक्षिणेला कुरुसाच्या मुलखात दुंदुंबा नावाचा बलवानांचा नाच आहे. गावात तो होतो तेव्हा सारे गाव रिंगण धरते. नाचणारा आणि पाहणारा असा भेद नसतो. ज्याच्या अंगात येईल त्याने मध्ये शिरावे, क्षणभर नाचावे, परत रिंगणात यावे. जेंबेवाल्याचे डोळे नाचणाऱ्याच्या पायांवर असतात. पाय जसे वळतील तशी थाप बदलते. हे तासन्‌तास चालते आणि संपते तेव्हा संपते.

आता हे पॅरिसच्या नाट्यगृहात आणायचे. प्रेक्षक एकाच बाजूला. रिंगण धरले तर निम्म्या नर्तकांची पाठच त्यांना दिसणार. म्हणून फोदेबाने रिंगण उघडले, त्याची अर्धवर्तुळे केली, ओळी केल्या. तासांची मिनिटे केली. जे तिथल्या तिथे सुचायचे ते बांधून ठेवले आणि पावले केव्हा बदलायची त्याची खूण जेंबेच्या एका ठरावीक बोलावर सोपवली. गावात नर्तक ढोलाला खेचत होता, इथे ढोल नर्तकांना हाकू लागला. नाचाभोवती गोष्ट गुंफली: पेरणी, सुगी, लग्न, शिकार. भाषा न कळणाऱ्या माणसाला आणि सहा वर्षांच्या पोरालाही ती कळावी. शिवाय मालिंके, सूसू, फुताच्या डोंगरावरचे फुला, जंगलपट्टीतले लोक, यांचे नाच एकाच संध्याकाळी, त्याच त्या नर्तकांनी, पुष्कळदा त्याच जेंबेवर करायचे. असे एकत्र ते आफ्रिकेत कुठल्याच गावाने पाहिले नव्हते. गिनी नावाचे राष्ट्र नकाशावर येण्याआधी ते पॅरिसच्या फळ्यांवर नाचून गेले म्हणा ना.

हे अस्सल नव्हे, अशी टीका तेव्हाही झाली. फोदेबाने १९५७ साली लेख लिहून तिला उत्तर दिले. अस्सल म्हणजे कोणत्या काळचे, हा त्याचा प्रश्न होता. जिवंत कला रोज बदलते. रंगमंचाला रंगमंचाचे नियम आहेत आणि ते न पाळता गावचा नाच जसाच्या तसा उचलून आणला तर परक्याला तो कंटाळवाणा वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. ते मला पटते. पण त्यात काय हरवले, तेही विसरता येत नाही: कुणीही मध्ये शिरण्याची मुभा.

तो नुसता करमणूक करणारा नव्हता. त्याच्या कविता वाचण्यापेक्षा सादर करण्यासाठी होत्या. मध्ये मध्ये कुठे गिटार वाजावी, कुठे कोरा, कुठे बालाफोन, याच्या सूचना त्याने मजकुरातच घातल्या आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली कविता नामान नावाच्या खेड्यातल्या तरुणाची. फ्रेंचांना युद्धासाठी माणूस हवा असतो, गाव नामानला पाठवते. तो युरोपात लढतो, शत्रूच्या कैदेतून सुटतो, समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परत येतो आणि घरी पोचण्याआधी, डाकारजवळच्या थियारोयच्या छावणीत, ज्या फ्रान्ससाठी लढला त्याच फ्रान्सच्या गोळीने मरतो.

नामान कवितेतला, थियारोय खरे आहे. १ डिसेंबर १९४४ रोजी थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर तिथे फ्रेंच सैन्याने गोळ्या झाडल्या. मृतांचा सरकारी आकडा ३५ होता. इतिहासकार तो पुष्कळ मोठा मानतात. पगार मागितला म्हणून! ही कत्तल होती, असे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केले ते २०२४ साली, ऐंशी वर्षांनी. फोदेबाने ते पाच-सहा वर्षांतच गाऊन सांगितले होते आणि १९५१ मध्ये वसाहतीच्या सरकारने पश्चिम आफ्रिकेत त्याच्या साहित्यावर बंदी घातली. वसाहतींच्या मानसशास्त्राचा भाष्यकार फ्रांत्झ फानों याने १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ही कविता विस्ताराने घेतली. गुलामीतल्या लोकांना जागे करणारी कला कशी असते, याचा तो दाखला म्हणून.

पुढची काही वर्षे मंडळीच्या भरभराटीची. तिने जग पालथे घातले. फेब्रुवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, मार्टिन बेक थिएटरात तिचा खेळ लागला. जेंबे हे नाव जगाला कळले ते बव्हंशी या दौऱ्यांमुळे.

पण तोवर फोदेबाच्या अंगावर दुसरीच वस्त्रे आली होती. १९५७ साली गिनीला मर्यादित स्वराज्य मिळाले, कामगार पुढारी सेकू तुरे सत्तेवर आला आणि त्याने फोदेबाला गृहखाते दिले. पुढच्याच वर्षी जनरल द गॉल यांनी आफ्रिकी वसाहतींना विचारले: फ्रान्सच्या छत्राखाली राहता की बाहेर पडता? २८ सप्टेंबर १९५८ रोजी गिनीच्या ९५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी नाही म्हटले. नाही म्हणणारी ही एकटीच वसाहत. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि फ्रेंच अधिकारी घाईघाईने निघाले. जाताना दप्तरे नेली, उपकरणे नेली, टेलिफोनसुद्धा उपटून नेले.

१ मार्च १९६० पासून गिनीने स्वतःचे चलन सुरू केले. नोटा चेकोस्लोव्हाकियातून छापून आणल्या. फ्रेंच हेरखात्याने त्याच्या खोट्या नोटा छापून देशात ओतल्या, म्हणजे लोकांचा नव्या चलनावरचा विश्वास उडावा. हे पुढे त्या खात्यातल्याच माणसांनी सांगितले आहे. रोखपालाच्या खिडकीशी एक खोटी नोट सापडली तरी कपाळाला घाम फुटतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. इथे साऱ्या देशाच्या गल्ल्यात त्या घुसवल्या जात होत्या. शस्त्रे आणून बंडाची तयारीही झाली होती. तेव्हा गिनीच्या राज्यकर्त्यांना जिथे तिथे कट दिसू लागले, यात सारेच मनाचे खेळ नव्हते. काही कट खरे होते. त्यांच्या आडोशाला खोटे रचता आले, ही पुढची गोष्ट.

गृहखात्याला नंतर संरक्षण जोडले गेले आणि फोदेबा देशातल्या सर्वांत बलवान मंत्र्यांपैकी एक झाला. कामाला वाघ होता, शिस्तीचा भोक्ता होता. त्याची नृत्यमंडळी सरकारची झाली. खेड्यापासून राजधानी कोनाक्रीपर्यंत गाण्यानाचाच्या स्पर्धांची उतरंड उभी राहिली. १९६१ मध्ये निमलष्करी दलातल्या स्त्रियांचा वाद्यवृंद निघाला, तो पुढे अमेझॉन या नावाने नावाजला. फामुदू कोनाते हा कुरुसाकडचा तरुण १९५९ साली राष्ट्रीय मंडळीत मुख्य जेंबेवादक म्हणून आला आणि पंचवीस वर्षे तिथेच वाजवत राहिला. त्याच काळात, ज्या सरकारात फोदेबा गृहमंत्री होता त्या सरकारने जंगलपट्टीत अंधश्रद्धा निर्मूलनाची मोहीम काढली. पवित्र मुखवटे गावच्या चव्हाट्यावर आणून जाळले, गुप्त दीक्षाविधी बंद पाडले. आणि कोनाक्रीच्या रंगमंचावर तेच मुखवटे, तेच पवित्र अरण्य, संगीतासह दाखवले जाऊ लागले. ज्या म्हाताऱ्याचा मुखवटा जळला त्याने ते पाहून काय म्हटले असेल?

कोनाक्रीच्या कामायेन भागात लष्करी छावणी होती. तिच्या आवारात राजकीय कैद्यांसाठी कोठड्या बांधल्या गेल्या. पुढे ती बोइरो छावणी म्हणून कुप्रसिद्ध झाली. तिथला भयंकर प्रकार म्हणजे काळा आहार: कैद्याला कोठडीत बंद करायचे आणि मरेपर्यंत अन्नही द्यायचे नाही नि पाणीही नाही. त्या कोठड्या उभ्या राहिल्या तेव्हा सुरक्षेचा कारभार फोदेबाच्या हाती होता. कैद्यांच्या चौकशीची तिथली पद्धतही त्यानेच घालून दिली, असे सुटून आलेले लोक सांगत. यातले किती त्याचे आणि किती मालकाचे, याचा हिशेब आता लागणे कठीण. पण त्याला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. मला राहून राहून वाटते की दोन्हींकडे लागणारा गुण एकच होता. कुणी कुठे उभे राहायचे, कुणी केव्हा आत यायचे, केव्हा थांबायचे, हे ठरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नाट्यगृहात पडदा पडल्यावर माणसे घरी जातात, एवढाच काय तो फरक.

आणि ज्याच्या शब्दावर इतक्या गोष्टी हलतात तो माणूस मालकाच्या डोळ्यांत खुपणारच. १९६५ साली त्याचे संरक्षणखाते काढून त्याला शेतीकडे धाडले. १९६९ च्या आरंभी लाबे या डोंगरी शहरातल्या छत्रीधारी सैनिकांनी कट केल्याचे जाहीर झाले. अटक केलेल्यांना विमानमार्गे राजधानीत आणताना त्यांनी मामादू बोइरो नावाच्या पोलिस अधिकाऱ्याला आकाशातून खाली ढकलले, ही सरकारी हकिकत. त्याचेच नाव छावणीला दिले गेले. कटाच्या सूत्रधारांत फोदेबाचे नाव घेतले गेले. मार्चमध्ये त्याला पकडून त्याच छावणीत आणले.

दारांची, कड्याकुलपांची त्याला माहिती होती. पहाऱ्यावरचे काही शिपाई कालपर्यंत त्याला सलाम ठोकत असतील. खटला म्हणावा असा खटला झाला नाही, बचावाचे भाषण नाही. २७ मे १९६९ रोजी त्याला आणि उपसेनाप्रमुख कर्नल कमान जाबी यांच्यासह इतरांना गोळ्या घातल्या गेल्या. प्रेत घरच्यांच्या हाती दिले नाही. पुरले कुठे, तेही सांगितले नाही.

छावणी चालूच राहिली. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव जालो तेली हे गिनीचे सर्वांत नावाजलेले मुत्सद्दी. १९७७ साली काळ्या आहाराने तिथेच मेले. नृत्यमंडळीही चालूच राहिली. परदेशी पाहुणे आले की ढोल वाजत, टाळ्या पडत. मार्च १९८४ मध्ये सेकू तुरे वारला, आठवड्याभरात लष्कराने सत्ता घेतली आणि कोठड्यांची दारे उघडली. सरकारी पैसा आटला तसे मंडळीतले वादक आणि नर्तक एकेक करून बाहेर पडले. बर्लिन, ब्रसेल्स, पॅरिस, न्यूयॉर्क. तिथे ते शिकवण्या घेऊ लागले, मुलांना गोष्टी सांगू लागले. या नव्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना पुन्हा रिंगण धरायला लावले जाते आणि ज्याला वाटेल त्याने मध्ये यावे, असे सांगितले जाते. फोदेबाने उघडलेले वर्तुळ असे परमुलखात परत मिटले.

त्याच्या देशात त्याचे नाव आज उघडपणे घेतले जाते, पण दोन सुरांत. कलावंत आदराने घेतात. छावणीत बाप, भाऊ गमावलेली माणसे घेतात ती वेगळ्या आवाजात. त्याच्याही बायकामुलांचे माणूस त्याच छावणीत गेले, म्हणजे ती कोणत्या बाजूला उभी राहणार?

गिनीचे राष्ट्रगीत अजून तेच आहे, १९५८ सालचे. त्याची बांधणी करण्याचे श्रेय बहुधा फोदेबालाच देतात. चाल नवी नव्हे. लाबेचा राजा आल्फा याया याच्या स्तुतीचे जेली लोकांचे जुने गाणे होते, त्यावरून ती घेतली. आल्फा यायाला फ्रेंचांनी पकडून हद्दपार केले होते आणि तो १९१२ साली परमुलखातच मेला. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली तेव्हा, १९६८ मध्ये, गिनीच्या सरकारने त्याच्या अस्थी शोधून, वाजतगाजत, लष्करी मानाने कोनाक्रीला परत आणल्या. तेव्हा त्याचीच चाल वाजली असणार. फोदेबा त्या वेळी मंत्री होता. त्यानंतर आठ महिन्यांनी त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्याच्या अस्थी कुठे आहेत ते अजून कुणी दाखवलेले नाही.